एपिस्कोपल देवळांतील गृहस्थसेवक व त्यांचे कागद

देवस्थानांचीं जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संशोधकास एक गोष्ट लौकरच उमजते. ज्या सेवेला कांहीं मोबदला ठरलेला असतो तिची नोंद कागदावर राहते. जी सेवा कोणी केवळ भक्तीनें करितो तिचा कागद होत नाहीं. गुरव, घडशी, पुराणिक, दिवट्या यांचीं नांवें, त्यांच्या जमिनी, त्यांच्या वाट्याचे शिधे आणि त्यांचे तंटे हें सर्व आपणांस सनदांत व महजरांत सांपडतें. पण पहांटे येऊन देवळाचें अंगण झाडून जाणाऱ्या एखाद्या विधवेचें नांव कोणत्याहि यादींत आढळत नाहीं. हा अनुभव आपल्याकडचाच आहे असें नाहीं. इंग्लंडांतील बिशपप्रधान धर्मसंस्था व तिच्यापासून निघालेली अमेरिकेंतील एपिस्कोपल चर्च नांवाची संस्था यांच्या दप्तरांतहि हाच प्रकार आहे, आणि त्यामुळें तेथील उपासनेच्या इतिहासांत एक सोयीस्कर समजूत रूढ होऊन बसली आहे. तिची तपासणी करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंतील एखाद्या एपिस्कोपल देवळांत आज रविवारीं सकाळीं कोणी गेला तर त्यास पुष्कळ माणसें कामांत गुंतलेलीं दिसतील. दाराशीं कोणी स्वागत करीत असतो. क्रूस व पेटत्या मेणबत्त्या घेऊन मुलेंमुली मिरवणुकीच्या पुढें चालतात. हातांत छडी घेतलेला व्हर्जर पाद्र्यास वाट दाखवितो. हा आपल्या चोपदाराचा भाऊबंदच म्हणावयाचा. धर्मग्रंथांतील पाठ एक वाचतो, सर्वांच्या वतीनें प्रार्थना दुसरा म्हणतो, दानाचें तबक तिसरा फिरवितो, आणि प्रभुभोजनाच्या वेळीं द्राक्षारसाचा पेला लोकांच्या ओठांशीं नेणारा चौथा असतो. हीं सर्व माणसें गृहस्थ होत. त्यांनीं पाद्र्याची दीक्षा घेतलेली नसते व बहुतेकांस वेतनहि नसतें. हें पाहून सामान्य भाविकास वाटतें कीं, ही स्वयंसेवेची परंपरा आरंभापासून अखंड चालत आली असावी. कागद मात्र तसें सांगत नाहींत.

प्रथम इंग्लंडांतील पॅरिश म्हणजे काय तें ध्यानांत घेतलें पाहिजे. एका देवळाच्या हद्दींतली वस्ती ती पॅरिश. पण ती केवळ धर्माची विभागणी नव्हे. गोरगरिबांचें पोषण, कित्येक ठिकाणीं रस्त्यांची दुरुस्ती, जन्ममृत्यूची नोंद हीं सर्व कामें तिच्याकडे असत. १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेल यानें प्रत्येक पॅरिशनें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी असा हुकूम काढला, तेव्हांपासून या दप्तरांस जें सातत्य आलें तें पाहून आपल्यासारख्यास हेवा वाटल्यावांचून राहत नाहीं. या वह्यांच्या जोडीला दुसरे कागद आहेत ते चर्चवॉर्डनांचे हिशेब. चर्चवॉर्डन म्हणजे देवळाचे कारभारी. हे गृहस्थच असत. १६०४ च्या धर्मनियमांत त्यांची निवड पाद्री व पॅरिशवासी यांच्या एकमतानें व्हावी, भोजनविधीची भाकर व द्राक्षारस त्यांनीं पुरवावा आणि वर्षअखेरीस सर्वांसमक्ष हिशेब द्यावा असें घालून दिलें आहे. त्यांस पगार नसे. पण येथें घाई करून त्यांस स्वयंसेवक म्हणतां येत नाहीं. कारण हें काम पाळीनें वा निवडीनें ज्याच्या गळ्यांत पडे त्याला तें टाळतां येत नसे, आणि कित्येक सधन मंडळी दंड भरून यांतून सुटका करून घेत. बिनपगारी खरें, पण सक्तीचें. आपल्याकडील एखाद्या गांवाच्या मानकऱ्यास उत्सवाचा खर्च जसा मानाबरोबरच अंगावर घ्यावा लागे तसाच हा प्रकार होता.

या हिशेबांत सर्वांत प्रसिद्ध वही डेव्हन परगण्यांतील मोरबाथ या लहानशा खेड्याची आहे. तेथील पाद्री क्रिस्टोफर ट्रिकी हा १५२० पासून १५७४ पर्यंत त्या एकाच देवळांत होता. आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथ राणीपर्यंत चार राजवटी व तितक्याच धर्मक्रांत्या त्यानें पाहिल्या, आणि कारभाऱ्यांचे हिशेब स्वतःच्या हातानें लिहून ठेविले. बिनी नांवाच्या संपादकानें १९०४ सालीं ही वही छापली व २००१ सालीं ईमन डफी यांनीं तिच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वहीवरून असें दिसतें कीं, निरनिराळ्या संतांच्या मूर्तींपुढील दिव्यांसाठीं गांवांत निरनिराळे निधि होते. तरुणांचा एक निधि, अविवाहित मुलींचा एक निधि, आणि प्रत्येकाचे आपापले कारभारी. म्हणजे गांवच्या पोरी वर्गणी गोळा करून दिवा तेवत ठेवीत व तिचा हिशेब भर सभेंत देत. देवळाच्या मालकीच्या मेंढ्या असत, त्या घरोघर वांटून सांभाळावयास दिलेल्या असत, आणि कोणाच्या घरीं कोणती मेंढी आहे, कोणती मेली, लोकर किती निघाली याचा तपशील पाद्र्यानें प्रेमानें लिहिला आहे. अंत्यविधीसाठीं काळ्या वस्त्रांचा एक संच घ्यावा म्हणून त्यानें सुमारें वीस वर्षें पैसा सांठविला. वस्त्रें १५४७ सालीं हातीं आलीं, आणि त्याच सुमारास जुना विधि मोडण्यास आरंभ झाला!

मूर्तींपुढील दिवे विझले तसे ते निधिहि बुडाले, आणि मुलींचें कारभारीपण संपलें. १५४९ सालीं नव्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथाविरुद्ध डेव्हन व कॉर्नवॉल येथें बंड झालें, त्यांत या खेड्यांतून पांच तरुणांस शस्त्रें व खर्ची देऊन एक्झेटरच्या वेढ्यांतील छावणीकडे पाठविलें असें डफी यांनीं याच हिशेबावरून दाखविलें आहे. देवळाच्या जमाखर्चाच्या वहींत बंडाचा खर्च मांडलेला सांपडावा ही गोष्ट जमाखर्चाच्या कागदांस कंटाळणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां पॅरिश-क्लार्काकडे वळूं. प्रत्यक्ष उपासनेंत ज्याचा आवाज ऐकूं येई असा गृहस्थसेवक तो हाच. मध्ययुगांत याला मंत्रपूत पाण्याचा क्लार्क म्हणत. रविवारीं घरोघर जाऊन तें पाणी शिंपडावें, पाद्र्याच्या मागें म्हणावें, पत्रांचा पाठ वाचावा हीं त्याचीं कामें. आणि घरोघरच्या दक्षिणेवर पुष्कळदां एखादा गरीब विद्यार्थी आपलें शिक्षण चालवी. आपल्या माधुकरीच्या चालीशीं याचें साम्य उघड आहे, तरी संबंध मात्र कांहीं नाहीं. लंडनांतील क्लार्कांस सहाव्या हेन्री राजानें १४४२ सालीं सनद दिली व त्यांची एक मंडळी बनली. पुढें शहरांतील मृत्यूंचीं साप्ताहिक पत्रकें हीच मंडळी काढूं लागली. १६०४ च्या नियमाप्रमाणें क्लार्काची नेमणूक पाद्र्यानें करावयाची. वय निदान वीस वर्षें, वर्तन सच्छील, लिहितां-वाचतां यावें आणि होतां होईल तों गातांहि यावें. त्याच नियमांत पुढें असें आहे कीं, त्याचें पूर्वापार चालत आलेलें वेतन त्यास कसूर न करितां मिळावें, मग तें कारभाऱ्यांच्या हातून मिळो कीं तो स्वतः घरोघर फिरून गोळा करो. वतनी कागद वाचण्याची संवय असलेल्या वाचकास या वाक्याची भाषा परकी वाटणार नाहीं.

प्रार्थनाग्रंथ इंग्रजींत झाल्यावर लोकांनीं उत्तरें द्यावींत अशी योजना होती. परंतु पुष्कळांस वाचतां येत नसे. मग सर्वांच्या वतीनें 'आमेन' म्हणण्याचें काम क्लार्काकडेच राहिलें. स्तोत्राची एकएक ओळ त्यानें सांगावयाची व मंडळींनीं ती गावयाची, ही पद्धति सतराव्या शतकांत सर्वत्र रूढ झाली. अठराव्या शतकांतील देवळांत जें तीन मजली व्यासपीठ दिसतें त्यांत सर्वांत वर प्रवचनाची जागा, मधें प्रार्थना वाचण्याची व सर्वांत खालीं क्लार्काची. समाजांतली पायरी लांकडांत कोरून ठेवावी तसें तें दिसतें. क्लार्काखालोखाल घंटा वाजविणारा, थडगीं खणणारा, आणि थोडक्या पैशांवर ठेवलेला कुत्रे हांकणारा इसमहि असे. हा शेवटचा हुद्दा वाचून कोणी हंसेल. पण कुत्रे हांकणाऱ्यास दिलेल्या पैशांच्या नोंदी इंग्लंडांतील कित्येक हिशेबांत आहेत, आणि वेल्समधील क्लिनोग येथील देवळांत कुत्रा मानेस धरून बाहेर काढण्याचा लांब सरकता चिमटा ठेविला आहे, त्यावर १८१५ साल व त्या वेळच्या दोघां कारभाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. हातानें पाहतां येणारा असा पुरावा शंभर नोंदींच्या तोडीचा होय.

या सर्वांहून निराळा असा एक सेवक एलिझाबेथच्या राज्यारोहणानंतर पुढें आला. जुन्या पाद्र्यांपैकीं कांहीं गेले, कांहीं मेले, आणि नव्यांची तयारी झालेली नव्हती. देवळें ओस पडूं नयेत म्हणून आर्चबिशप पार्कर यानें साधे वाचते गृहस्थ तात्पुरते नेमले व १५६१ सालीं त्यांच्यासाठीं करारवजा नियम केले. प्रवचन करावयाचें नाहीं. धर्मवचनांचा अर्थ सांगावयाचा नाहीं. सरकारमान्य पुस्तकांत असेल तेवढेंच वाचावयाचें. संस्कार चालवावयाचे नाहींत. प्रेतें पुरणें व बाळंतपणानंतर स्त्रियांचा शुद्धिविधि करणें एवढ्याच गोष्टींची मोकळीक होती. प्रवचनाऐवजीं १५४७ व १५६३ सालीं निघालेल्या छापील प्रवचनसंग्रहांतून वाचावयाचें. या वाचकाचें सर्व बळ त्याच्या हातांतील छापील पुस्तकांत आहे, त्याच्या स्वतःच्या मुखांत नाहीं, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. ज्या धर्मांत उपासना पाठावर अवलंबून असते तेथें पुजारी नसला तरी पोथी असली म्हणजे काम भागूं शकतें. पाद्री पुरेसे होतांच हा वाचकवर्ग इंग्लंडांत मागें पडला; पण त्याची खरी गरज समुद्रापलीकडे लागावयाची होती.

१६०७ सालीं व्हर्जिनियांत जेम्सटाउन येथें इंग्रजांची वसाहत झाली. तिच्याबरोबर रॉबर्ट हंट हा पाद्री होता. कॅप्टन जॉन स्मिथ यानें १६३१ सालीं छापलेल्या आपल्या शेवटच्या पुस्तकांत तेथील पहिल्या देवळाचें वर्णन केलें आहे तें असें: तीनचार झाडांस बांधलेलें जुनें शीड हें छप्पर, लांकडी कठडे ह्या भिंती, न तासलेले ओंडके हीं आसनें, आणि दोन झाडांना ठोकलेली एक आडवी फळी हें व्यासपीठ. हंट १६०८ सालीं वारला. त्यानंतरहि दोनतीन वर्षें, नवे पाद्री येईपर्यंत, आपण रोजच्या प्रार्थना व रविवारचें छापील प्रवचन चालूच ठेविलें असें स्मिथ लिहितो. उपासमारीनें व तापानें माणसें मरत असतां त्या वस्तींत पुस्तक कोण वाचीत असे? नांव लिहिलेलें नाहीं. जो पाद्री होता त्याचें नांव स्मारकांवर आहे. त्याच्यामागें ज्यानें काम चालविलें तो गृहस्थ अनामिक राहिला. आरंभीं सांगितलेल्या न्यायाचें याहून बोलकें उदाहरण मला माहीत नाहीं.

पुढें व्हर्जिनियांत वस्ती पसरली. पॅरिशी इतक्या मोठ्या कीं, एकीच्या हद्दींत तीनतीन देवळें, आणि पाद्री एक. तो आळीपाळीनें जाई. ज्या देवळांत तो नसेल तेथें क्लार्क वा वाचक प्रार्थना व प्रवचनाचें पुस्तक वाची. कारभार बारा जणांच्या व्हेस्ट्रीकडे असे. १६६२ च्या कायद्यानंतर रिकामी जागा हे पंच आपणच भरीत, म्हणून ही सत्ता मोठ्या जमीनदारांच्या घराण्यांत राहिली. जॉर्ज वॉशिंग्टन हे १७६२ सालीं ट्रुरो पॅरिशच्या व्हेस्ट्रींत निवडून आले ते असेच. गरिबांसाठीं कर बसविणें, दर कांहीं वर्षांनीं शेतांच्या हद्दी फिरून पाहणें हींहि कामें व्हेस्ट्रीकडे होतीं. हिशेब तमाखूंत चाले. १६९६ च्या कायद्यानें पाद्र्याचें वर्षासन १६,००० पौंड तमाखू ठरलें. क्लार्कास त्याच्या मानानें पुष्कळच थोडी, पण ठरलेली तमाखू मिळे. या व्हेस्ट्रींच्या वह्या चेंबरलेन नांवाच्या संपादकानें चिकाटीनें छापल्या. मिडलसेक्स येथील क्राइस्ट चर्च पॅरिशची १६६३ ते १७६७ ची वही १९२७ सालीं आणि पेट्सवर्थ पॅरिशची १६७७ ते १७९३ ची १९३३ सालीं बाहेर पडली. ज्यांस मूळ कागद जसाच्या तसा छापणें म्हणजे काय तें पाहावयाचें असेल त्यांनीं हीं पुस्तकें अवश्य पाहावींत.

उत्तरेकडे कनेक्टिकटमध्यें स्थिति वेगळी होती. तेथें राज्यमान्य पंथ दुसराच असल्यामुळें बिशपपक्षाचीं माणसें थोडीं. वसाहतींत बिशप एकहि नसे, म्हणून ज्यास दीक्षा घ्यावयाची त्याला अटलांटिक ओलांडून लंडनला जावें लागे. १७२२ सालीं येल कॉलेजांतील कटलर, जॉन्सन व ब्राउन हे तिघे पंथ बदलून निघाले. त्यांपैकीं ब्राउन लंडनांतच देवीच्या रोगानें वारला. अशा प्रवासाच्या तयारींत असलेले तरुण पदवीधर गांवोगांवीं वाचकाचें काम करीत. त्यांच्या बाबतींत वाचन म्हणजे दीक्षेच्या आधींची उमेदवारी होती. व्हर्जिनियांतला तमाखूवरचा क्लार्क आणि कनेक्टिकटमधला हा उमेदवार यांस एकच नांव लावून त्यांचा इतिहास एकत्र सांगण्याची चूक पुष्कळांकडून झाली आहे.

अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध हा या इतिहासांतील खरा सांधा आहे असें माझें मत आहे. १७७६ सालीं व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें पाद्र्यांच्या वेतनाचा कर थांबविला, १७७९ सालीं तो कायमचा रद्द झाला, आणि १८०२ च्या कायद्यानें देवळांच्या इनामी जमिनीहि विक्रीस काढल्या. तमाखू बंद झाली. पाद्री गेले, क्लार्क गेले, देवळांच्या खिडक्या फुटल्या. आपल्याकडे इनाम कमिशननंतर कित्येक देवस्थानांची जी दशा झाली ती ज्यांनीं कागदोपत्रीं पाहिली आहे त्यांस हें चित्र निराळें सांगावयास नको. जेथें उपासना टिकली तेथें ती कोणा ना कोणा गृहस्थाच्या पदरमोडीवर टिकली.

या स्थित्यंतराचा एक बारीकसा पुरावा पाठभेदांत सांपडतो. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथांत विवाहविधीच्या सूचनेंत असें आहे कीं, वरानें अंगठी पुस्तकावर ठेवावी व तिच्याबरोबर प्रीस्ट आणि क्लार्क यांची रूढ दक्षिणाहि ठेवावी. १७८९ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकन ग्रंथ मंजूर झाला, त्यांत अंगठी राहिली, दक्षिणा गेली. या वगळण्याचें कारण केवळ विधीचा नेटकेपणा असेंहि कोणी म्हणेल, व कांहीं जुन्या देवळांत पगारी क्लार्क एकोणिसाव्या शतकांतहि राहिले हेंहि खरें. तथापि ज्या हुद्द्याचा हक्क ग्रंथांतूनच निघाला तो हुद्दा फार दिवस टिकत नाहीं हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याच सुमारास संस्थेच्या कारभारांत गृहस्थांस बरोबरीचा हक्क मिळाला. पुढें बिशप झालेले विल्यम व्हाइट यांनीं १७८२ सालीं एक पुस्तिका लिहून पाद्री व गृहस्थ यांची संयुक्त सभा सुचविली होती, आणि १७८५ पासून अशा सभा भरूं लागल्या. तात्पर्य, वेतन गेलें आणि अधिकार आला. हीं दोन्ही एकाच दशकांत घडलीं हें विसरून चालणार नाहीं.

पण अधिकार कोणाला? फिलाडेल्फियांतच याचें उत्तर मिळतें. अबसलम जोन्स हा १७४६ सालीं डेलावेअरमध्यें गुलाम म्हणून जन्मला व १७८४ सालीं पैसा जोडून स्वतंत्र झाला. सेंट जॉर्ज नांवाच्या मेथॉडिस्ट देवळांत प्रार्थनेसाठीं गुडघे टेकलेला असतांना त्यास त्या जागेवरून उठविण्यांत आलें, तेव्हां तो व त्याचे सोबती देवळाबाहेर पडले. त्यांनीं स्वतःचें देऊळ बांधलें, तें १७९४ च्या जुलईंत उघडलें, आणि एपिस्कोपल संस्थेंत येण्यासाठीं तीन अटी घातल्या: मंडळीचा समूह म्हणून स्वीकार व्हावा, स्वतःचा कारभार स्वतःकडे राहावा, आणि जोन्स यांस गृहस्थ वाचकाचा परवाना मिळून पात्रता दिसल्यास पुढें दीक्षा मिळावी. अटी मान्य झाल्या. १७९५ सालीं व्हाइट यांनीं त्यांस डीकनची दीक्षा दिली. त्यासाठीं ग्रीक व लॅटिनची अट माफ करण्यांत आली. पण त्या माफीची किंमत म्हणून या देवळानें प्रांतिक सभेंत प्रतिनिधि पाठवावयाचे नाहींत असें ठरलें, व तो निर्बंध सुमारें सत्तर वर्षें राहिला. गोऱ्या गृहस्थास जो हक्क १७८५ सालीं आपोआप मिळाला तो काळ्या गृहस्थास देवळांत वाचूं देऊनहि सभेंत नाकारला गेला. वाचकाचा परवाना म्हणजे एक क्षुल्लक कागद, परंतु या समाजाच्या बाबतींत तोच कागद पुढील सर्व हक्कांची पहिली पायरी ठरला. म्हणूनच त्यांनीं तो अटींत घालून घेतला.

दुसरें एक नांव येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. न्यूयॉर्कचे बिशप होबार्ट यांनीं ओनायडा नांवाच्या मूळ रहिवासी जमातींत एलीझर विल्यम्स यास वाचक व उपदेशक म्हणून नेमलें. तो स्वतः मोहॉक कुळांतला, ओनायडांची भाषा जाणणारा. दीक्षेपूर्वीं कित्येक वर्षें त्यानें हें काम केलें. पुढें वृद्धपणीं त्यानें आपण फ्रान्सचा हरवलेला राजपुत्र, सोळाव्या लुईचा मुलगा, असल्याचें सांगितलें व १८५३ सालीं एका मासिकानें तें गंभीरपणें छापलें! सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची आठवण कोणाहि मराठी वाचकास होईल. पॅरिसजवळ जतन केलेल्या त्या राजपुत्राच्या हृदयाची २००० सालीं जनुकीय परीक्षा झाली, आणि मुलगा तुरुंगांतच मेला होता हें ठरलें. विल्यम्सचा हा एक दोष सोडला तर जमातीच्या भाषेंत उपासना रुजविण्याचें त्याचें काम विसरण्याजोगें नाहीं.

इंग्लंडांत मागें पडलेला वाचक १८६६ सालीं बिशपांच्या लॅम्बेथ येथील बैठकींत पुन्हा उभा केला गेला. त्याच काळांत जुना क्लार्क मावळत होता. पश्चिमेकडच्या सज्जांत बसून सारंग्या व पांवे वाजविणारे खेडवळ वादक जाऊन त्यांच्या जागीं ऑर्गन आला; टॉमस हार्डी यांच्या १८७२ च्या कादंबरींत त्या वादकांची निरवानिरव आहे. लोकांस वाचतां येऊं लागल्यावर उत्तरें सर्वजण देऊं लागले आणि एकट्याच्या 'आमेन'ची गरज उरली नाहीं. म्हणजे साक्षरतेनें क्लार्कास मारलें व साक्षरतेनेंच स्वयंसेवक वाचकास जन्म दिला असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

स्त्रियांची गोष्ट मात्र निराळ्या गतीनें चालली. इंग्रजी हिशेबांत पाद्र्याचा पांढरा झगा धुतल्याबद्दल एखाद्या बाईस दिलेले पैसे वर्षानुवर्षें नोंदलेले आढळतात. अमेरिकेंत हेंच काम पुढें भाविक स्त्रियांच्या मंडळांनीं फुकट पत्करलें. वेदीवरचीं वस्त्रें धुणें, इस्त्री करणें, पेला उजळणें, फुलें ठेवणें. पैसे थांबले तशी नोंदहि थांबली. मजुरीनें धुणाऱ्या बाईचें नांव आपणांस सांपडतें, भक्तीनें धुणारीचें सांपडत नाहीं. १९४६ सालीं मिसूरी प्रांताकडून एक बाई सर्वसाधारण सभेची प्रतिनिधि म्हणून आली व बसूं शकली. १९४९ सालीं निवडून आलेल्या चौघींस मात्र जागा नाकारण्यांत आली. आणि १९७० सालीं ह्यूस्टन येथें तो प्रश्न कायमचा सुटला. १९७९ च्या प्रार्थनाग्रंथांत धर्मसेवक कोण या प्रश्नाच्या उत्तरांत गृहस्थांचा उल्लेख बिशप, प्रीस्ट व डीकन यांच्याहि आधीं केला आहे, आणि शुभवर्तमानापूर्वींचे पाठ सामान्यतः गृहस्थांनींच वाचावेत अशी स्पष्ट सूचना आहे. १५६१ चा वाचक पाद्री नाहीं म्हणून वाचीत होता. १९७९ चा वाचक पाद्री समोर बसलेला असतां वाचतो. शब्द तोच, पण अर्थ पार पालटला.

मुंबईचा संबंध शेवटीं सांगतों. जेराल्ड ऑंजियर यानें आरंभिलेलें इंग्रजांचें देऊळ सुमारें चाळीस वर्षें अर्धवट पडून होतें. रिचर्ड कॉब नांवाच्या पाद्र्यानें वर्गणी जमवून तें पुरें केलें व १७१८ च्या नाताळांत उघडलें; पुढें १८३७ सालीं मुंबईस बिशपची गादी झाली तेव्हां तेंच सेंट टॉमस कॅथीड्रल झालें. कॉबनें १७६६ सालीं या कामाची हकीकत छापली आहे. उद्घाटनाच्या दिवशीं रामा कामती व त्याच्या जातीची मंडळी बाहेर उभी राहून शेवटपर्यंत सर्व विधि पाहत होती व शिस्त पाहून प्रसन्न झाली, असें त्यानें नमूद केलें आहे. हाच तो रामा कामती, ज्यावर दोन वर्षांतच आंग्र्यांशीं संधान बांधल्याचा खटला झाला. त्यांतील पत्रें बनावट होतीं असें पुढील अभ्यासकांचें मत आहे. त्या दिवशीं देवळांत उत्तरें कोणी म्हटलीं, तबक कोणी फिरविलें, हें शोधण्याजोगें आहे. १९७० च्या नोव्हेंबरांत नागपूर येथें उत्तर भारताची एकत्रित मंडळी स्थापन झाली व अँग्लिकन संस्था तींत विलीन झाली. तेव्हां मुंबई, पुणें, खडकी, अहमदनगर येथील जुन्या देवळांचे कागदहि नव्या व्यवस्थेकडे गेले. बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या जपल्या जातात. परंतु कोणत्या रविवारीं कोणी वाचावयाचें, वस्त्रें कोणी धुवावयाचीं, गाणाऱ्यांत कोण होतें, अशीं पाळीपत्रकें, चिठ्ठ्या, प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानांवरील टिपा, मराठी उपासनेचीं हस्तलिखित पानें यांस कोणी कागद मानीत नाहीं. अशा प्रकारचें एखादें बाड कोणा वाचकाच्या संग्रहीं असल्यास त्यानें तें रद्दींत जाऊं देऊं नये. मूळ देणें शक्य नसल्यास निदान त्याची नक्कल, कागद, शाई व अक्षर यांच्या वर्णनासह, मंडळाकडे पाठवावी.